सातबारा कुणाच्या नावावर?

मृग निघाला की परभणी–गंगाखेड मार्गावरील पोखर्णीचा शेतकरी कापसाच्या बियाण्याची पिशवी विकत आणतो. नृसिंहाच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीबाहेरही ठाऊक असलेल्या या गावाची जमीन काळी, कापसाची. या शेतकऱ्याच्या आजोबाने अशी पिशवी आणलेली नव्हती. गतवर्षीच्या वेच्यातील चांगल्या बोंडांची सरकी तो बाजूला काढून ठेवी, शेणमातीत घोळून वाळवी आणि तीच पेरी. शेजाऱ्याला कमी पडली तर उसनी देई. पुढे संकरित वाण आले. व्यापारी लागवडीसाठी जगात प्रथम उपयोगात आलेला संकरित कापूस १९७० मध्ये सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रातून बाहेर पडला. नांदेडच्या केंद्राचा ‘एनएचएच ४४’ १९८४ मध्ये आला आणि मराठवाड्याने त्याला डोक्यावर घेतले. उत्पादन वाढले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु संकरित पिकाची सरकी पुन्हा पेरली तर पुढचे पीक तसेच येत नाही, म्हणून पिशवी दरवर्षी घ्यावी लागते. २००२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या कापसाला देशात परवानगी मिळाली, तेव्हापासून तर पिशवीच्या किमतीत जनुकाच्या मालकाचा हिस्साही धरला जाऊ लागला. गंमत अशी की त्याच सुमारास, २००१ मध्ये, संसदेने केलेल्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. हक्क कागदावर शाबूत आहे आणि पिशवी दर जूनला विकत आणली जाते.

कापसाच्या या इतिहासाचे स्मरण होण्यास कारण वेगळेच आहे. संगणकाच्या जगात गेली चाळीस वर्षे हाच वाद दुसऱ्या भाषेत चालू आहे, आणि त्या वादाचा निकाल पोखर्णीच्या शाळेपर्यंत व तलाठी कार्यालयापर्यंत पोहोचतो. संगणकाची कोणतीही आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिला मूळ संहिता म्हणावे. नंतर तिचे रूपांतर केवळ यंत्राला कळेल अशा आकड्यांत होते आणि ते आकडेच बहुधा गिऱ्हाइकाच्या हाती पडतात. मूळ संहिता ही सरकी, आणि विकत मिळते ती पेंड. पेंड जनावराला घालता येते, पेरता येत नाही. ज्यांनी मूळ संहिता सर्वांसाठी खुली ठेवली, जिचा अभ्यास करावा, सुधारणा करावी, प्रत काढून शेजाऱ्याला द्यावी अशी मुभा दिली, त्या सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत असे नाव पडले. ते लिहिणारे, सुधारणारे, त्यातील चुका शोधणारे आणि आपापल्या भाषेत आणणारे लोक म्हणजे मुक्तस्रोत समुदाय. आज जगातील अतिबलाढ्य कंपन्या आपण या समुदायाचे मित्र आहोत असे म्हणतात. ही मैत्री कितपत खरी, हा प्रश्न आहे.

तो थोड्या इतिहासावाचून कळत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेतील छपाईयंत्राची आज्ञावली दुरुस्त करावयाची होती. तिची मूळ संहिता त्यांना मिळाली नाही. त्या अनुभवातून १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये एक परवाना तयार केला. त्या परवान्याची मेख अशी की, ज्याने संहिता घेतली त्याने ती सुधारून पुढे देताना त्याच अटींवर, मूळ संहितेसह द्यावी. सामाईक विहिरीचे पाणी घ्यावे, पण विहिरीला कुंपण घालू नये, असा हा करार होता. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली दिला. त्या काळी या साऱ्या प्रकाराकडे कंपन्या हौशी लोकांचा उद्योग म्हणून पाहत. हौशी लोकांचे काम आपल्या बाजारपेठेला भिडू लागले, तेव्हा ही दृष्टी बदलली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मुक्तस्रोत समुदायाचे सर्वांत मोठे कोठार असलेली ‘गिटहब’ ही कंपनी साडेसातशे कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी, मुक्तस्रोताच्या बाबतीत आपण इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो, अशी कबुली दिली. एकोणीस वर्षांत कर्करोगाचे आप्तेष्ट झाले! या हृदयपरिवर्तनाकडे कुत्सितपणे पाहण्याचे कारण नाही. परंतु भाबडेपणाने पाहण्याचेही नाही.

कंपन्यांचे ऋण मोठे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आयबीएमने या शतकाच्या प्रारंभीच लिनक्ससाठी शंभर कोटी डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले होते. आज लिनक्सच्या गाभ्यात होणाऱ्या सुधारणांपैकी बहुतांश सुधारणा पगारी अभियंते करतात आणि तो पगार इंटेल, गूगल, रेड हॅट, हुआवे यांसारख्या कंपन्या देतात. रात्री जागून, नोकरी सांभाळून, निव्वळ आवडीपोटी जगाची प्रणाली लिहिणारा तरुण हे चित्र रम्य असले तरी आज ते पुरेसे खरे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या माहिती आटोपशीर करणाऱ्या एका छोट्या साधनात कोणीतरी दीर्घकाळ कट करून चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. तो दरवाजा तसाच राहता तर जगातील असंख्य संगणक परक्यांच्या हाती गेले असते. तो शोधणारा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता. हे साधन मात्र वर्षानुवर्षे एकच माणूस विनावेतन सांभाळीत आला होता, आणि तो थकला आहे हे हेरूनच कट करणाऱ्याने मदतनीस म्हणून शिरकाव केला होता. कंपन्यांचा आधार आणि कंपन्यांची अनास्था या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत इतक्या स्पष्ट क्वचितच दिसतात.

मग कंपनी पगार कशासाठी देते? येथे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील एक प्रकरण उपयोगी पडते. चहा आणि साखर या पूरक वस्तू होत. चहा स्वस्त झाला की साखरेचा खप वाढतो. ज्याचा कारखाना साखरेचा आहे त्याला चहा फुकट वाटणे परवडते. किंबहुना चहा फुकट वाटणे हाच त्याच्या दृष्टीने उत्तम धंदा असतो. आयबीएम मोठी यंत्रे आणि सेवा विकते. यंत्रावर चालणारी प्रणाली मोफत असेल तर गिऱ्हाइकाच्या खिशात यंत्रासाठी अधिक पैसा उरतो. गूगल जाहिराती विकते. मोबाइल आणि न्याहाळक जितके स्वस्त, जितके सर्वदूर, तितक्या जाहिराती अधिक डोळ्यांपुढे जातात. अमेझॉन संगणकशक्ती भाड्याने देते; त्या शक्तीवर चालणाऱ्या आज्ञावल्या मुक्त असणे तिच्या पथ्यावर पडते. यात कपट नाही. भागधारकांना उत्तरदायी असलेल्या संस्थेने असे वागणे स्वाभाविकच होय. मात्र साखरेच्या कारखानदाराचे चहावरील प्रेम किती काळ टिकेल, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. उद्या त्याने चहाचा मळा विकत घेतला, तर फुकट चहा बंद होईल.

पोखर्णीच्या बाजारात मिळणारा बहुतेक प्रत्येक मोबाइल अँड्रॉइड प्रणालीचा आहे. २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची योजना राज्यभर आली. तेव्हा ही प्रणाली शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापर्यंतच जाऊन भिडली. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, आणि तिची मूळ संहिता गूगलने खुली ठेवलेली. कोणीही ती उचलावी आणि आपली वेगळी प्रणाली करावी. कागदावर हे असे आहे. व्यवहारात मोबाइल बनविणाऱ्याला गूगलचे ॲप-दुकान हवे असते, कारण त्यावाचून मोबाइल खपत नाही. आणि ते दुकान हवे तर गूगलचा सारा संच आधीच बसवून द्यावा लागे, आणि अँड्रॉइडच्या कोणत्याही फुटीर शाखेवर चालणारी उपकरणे बनविणार नाही असा करार करावा लागे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या करारांना प्रभुत्वाचा दुरुपयोग ठरवून गूगलला १,३३७ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. संहिता खुली, पण तिचा वेगळा वापर करणाऱ्याला बाजाराबाहेर ठेवणारा करार शेजारीच ठेवलेला. बियाणे राखण्याचा हक्क आणि संकरित सरकी यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

तथापि गूगलचे उदाहरण तुलनेने सोपे आहे. अधिक बोधप्रद आहेत ती मन बदलणाऱ्या कंपन्यांची उदाहरणे. ‘हॅशिकॉर्प’ या कंपनीने संगणक-केंद्रांची उभारणी सुलभ करणारे एक साधन अनेक वर्षे मुक्त परवान्यावर दिले. जगभरच्या अभियंत्यांनी त्यात सुधारणा केल्या, त्याची पुस्तके लिहिली, आपल्या संस्थांत ते रुजविले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने पुढील आवृत्त्यांचा परवाना बदलला. स्पर्धकांना त्या वापरण्याची मनाई झाली. मार्च २०२४ मध्ये ‘रेडिस’ या कंपनीने तेच केले. कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही घडवावे आणि अमेझॉनसारख्या महाकाय कंपन्यांनी ते भाड्याने देऊन नफा कमवावा, हे किती दिवस सोसावे? यात मौज अशी की, रेडिसने परवाना बदलताच तिच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून नवी शाखा काढण्यास अमेझॉन आणि गूगल यांनीच हातभार लावला. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करण्यास ते धावले, कारण त्या चहावर त्यांची साखर खपत होती. पुढे मे २०२५ मध्ये रेडिसने मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. तोवर बराच गोतावळा नव्या शाखेकडे गेला होता.

प्रश्न असा की, हजारोंनी घडविलेल्या वस्तूचा परवाना एका कंपनीला एका सकाळी कसा बदलता येतो? उत्तर कागदपत्रांत आहे. अनेक कंपन्या आपल्या प्रकल्पाला हातभार लावू इच्छिणाऱ्याकडून आधी एका करारावर सही घेतात. आपण लिहिलेली संहिता कंपनीला योग्य वाटेल त्या अटींवर पुढे देण्याचा अधिकार त्या कराराने कंपनीकडे जातो. कोणाही खातेदाराला हे चटकन समजेल: सातबाऱ्यावर नाव आपले राहते, परंतु कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याच्या खिशात जाते. याउलट लिनक्सच्या गाभ्यासाठी असे मुखत्यारपत्र घेतले जात नाही. हजारो लोकांनी लिहिलेल्या ओळींची मालकी हजारो लोकांकडेच, किंवा त्यांच्या शेकडो नियोक्त्यांकडे, विखुरलेली आहे. परवाना बदलावयाचा तर त्या साऱ्यांची संमती हवी. ती मिळविणे खुद्द टॉरव्हाल्ड्स यांनाही शक्य नाही. भाऊबंदकीच्या सामाईक जमिनीचे वाटप न झाल्यामुळे ती कोणालाच विकता येत नाही, हे आपल्याकडे दुःखाने सांगितले जाते. येथे नेमके तेच संरक्षण ठरले आहे. लिनक्सवर आयबीएमचा, गूगलचा, मायक्रोसॉफ्टचा पैसा वर्षानुवर्षे ओतला जात असूनही तो त्यांच्यापैकी कोणाचाही झाला नाही, याचे श्रेय कंपन्यांच्या सज्जनपणाला देण्याऐवजी परवान्याच्या त्या जुन्या अटीला आणि या विखुरलेल्या मालकीला द्यावे लागेल.

कार्यालयात आणि शाळेत पत्र लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लिबरऑफिस’ची कथाही हेच सांगते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००० मध्ये ‘ओपनऑफिस’ मुक्त केले. दहा वर्षांनी सन कंपनीच ओरॅकलने विकत घेतली. नव्या धन्याचा रागरंग पाहून स्वयंसेवकांनी सप्टेंबर २०१० मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले आणि संहिता घेऊन ते बाहेर पडले. संहिता नेता आली, नाव नेता आले नाही; नाव ओरॅकलच्या मालकीचे होते. म्हणून ‘लिबरऑफिस’ हे नवे नाव घ्यावे लागले. जुने घर ओरॅकलने वर्षभरात सोडून दिले. समुदायाच्या हाती मुक्त परवाना नसता तर त्या घराबरोबर त्यातील सामानही गेले असते.

रेड हॅटचे प्रकरण याहून नाजूक आहे आणि महाराष्ट्राला जवळचे आहे. मुक्तस्रोतावर धंदा उभा करून दाखविणारी ही कंपनी. तिच्या पुण्यातील कार्यालयात अनेक मराठी तरुणांनी या विद्येचे धडे घेतले. २०१९ मध्ये आयबीएमने ती ३,४०० कोटी डॉलरना घेतली. २०२१ अखेर ‘सेंटओएस’ या तिच्या मोफत प्रतिरूपाची चालू आवृत्ती ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी बंद झाली आणि जून २०२३ मध्ये मुख्य प्रणालीची नेमकी संहिता केवळ गिऱ्हाइकांपुरती ठेवण्यात आली. परवान्याचा भंग झालेला नाही, कारण ज्याला वस्तू दिली त्याला संहिता दिली की अट पुरी होते, असे कंपनीचे म्हणणे. ते चूक आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. पण जी संहिता गिऱ्हाइकाने पुढे दिली तर त्याच्याशी असलेला करार संपुष्टात येऊ शकतो, तिला खुली म्हणताना जीभ अडखळते.

असे असूनही मराठी माणसाने रेड हॅटविषयी कृतघ्न होऊ नये. त्यासाठी मराठी अक्षरांची कथा सांगणे अगत्याचे आहे. शासकीय कार्यालयांतील चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही लिपिकाला तो काळ आठवत असेल, जेव्हा प्रत्येक मराठी टंकाची अक्षरजुळणी निराळी असे. एका कार्यालयात तयार झालेले परिपत्रक दुसऱ्या कार्यालयात उघडले की कागदभर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. टंक विकत घ्यावे लागत आणि कित्येकदा त्यांच्यासोबत संगणकाच्या पाठीशी लावावयाचे एक कुलूप येई. ते हरवले की मराठी बंद! युनिकोडच्या सर्वमान्य संकेतांकांनी यातून सुटका केली. परंतु संकेतांक म्हणजे अक्षर नव्हे. अक्षर काढून दाखविणारा टंक हवाच. ‘लोहित’ या नावाचे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅटने मुक्त परवान्यावर दिले, पुण्यातील अभियंत्यांनी ते सांभाळले, आणि २०११ मध्ये तर ते टंकांसाठीच्या अधिक सोयीच्या मुक्त परवान्याखाली आणले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडविलेला ‘मुक्ता’ हा देखणा टंक गूगलच्या संग्रहातून आज कोणालाही मोफत मिळतो.

यातील मर्म ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत दिसते. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहिण्याची रीत आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने तीच प्रमाण ठरविली. हिंदीतील वळण निराळे. मोठ्या कंपनीने देवनागरी टंक केला की हिंदीची बाजारपेठ मोठी असल्यामुळे वळण बहुधा हिंदीचे येते. यात मराठीचा द्वेष नाही, केवळ गणित आहे. त्यामुळे मुलाने फळ्यावर एक ‘ल’ पाहावयाचा आणि पडद्यावर दुसरा, अशी पहिलीच्या शिक्षकाची पंचाईत होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद दाखविणारा अर्धा ‘र’ हेही असेच एक नाजूक ठिकाण. टंक बंदिस्त असेल तर अर्ज करावा आणि वाट पाहावी. टंक मुक्त असेल तर जाणकार माणूस त्यात मराठीची वळणे भरू शकतो, आणि ‘लोहित’ देवनागरीत तशी सोय करण्यात आलीही. येथे कंपनीने पैसा दिला, तरुणांनी कौशल्य दिले आणि परवान्याने ते सर्वांचे करून ठेवले. उद्या कंपनीला या टंकात रस उरला नाही तरी टंक जाणार नाही. कंपनीच्या सहकार्याची फलश्रुती कशी असावी, याचा हा नमुना होय.

फायरफॉक्स न्याहाळकाचे मराठीकरण स्वयंसेवकांनी केले. तो चालविणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न मात्र गूगल देते, शोधपेटीत आपले नाव ठेवण्याबद्दल. प्रतिस्पर्ध्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचा हा प्रकार. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने शोधव्यवसायातील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरविली, तेव्हा अशी देणी बंद झाली तर आपले काय, ही चिंता खुद्द मोझिलाने बोलून दाखविली. वर्षभराने न्यायालयाने ती सरसकट बंद केली नाहीत म्हणून संकट टळले. मित्राच्या शत्रूवर खटला झाला आणि घाबरला मित्रच, अशी ही विचित्र स्थिती.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनाही मुक्तस्रोत म्हणवून घेण्याची टूम निघाली आहे. मेटा कंपनीच्या ‘लामा’ प्रणालीचा परवाना सत्तर कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या व्यवसायांना वेगळी परवानगी मागावयास लावतो आणि ती कोणत्या मजकुरावर शिकली ते तर दाखवीतच नाही. सरकी दाखविण्याची तयारी नसताना पिशवीवर ‘घरचे बियाणे’ असे छापण्यासारखेच हे आहे. मराठीचा आधीच तुटपुंजा असलेला मजकूर अशा प्रणालींच्या पोटात जातो आहे, म्हणून या नामकरणाकडे मराठी विद्यापीठांनी आणि संस्थांनी डोळेझाक करू नये.

दोष कंपन्यांच्याच माथी मारून मोकळे होता येत नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला, तेव्हा जगातील बँकांचे व्यवहार ज्या ‘ओपनएसएसएल’ साधनावर विसंबून होते त्याला वर्षाकाठी अवघ्या दोन हजार डॉलरांच्या आसपास देणग्या मिळत, हे जगाला कळले. त्या साधनाचा लाभ सरकारेही घेतच होती. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरण जाहीर करणे आणि ते साधन सांभाळणाऱ्या माणसाचा पगार देणे यांत अंतर आहे. केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले, शिक्षकांनाच प्रशिक्षक केले आणि परीक्षाही त्याच प्रणालीवर घेतली. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लक्षावधी लोकांनी केला. नोकरी टिकविण्यासाठी लिपिकांनाही करावा लागला. त्यातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. ती अक्षरे मायक्रोसॉफ्टची असे समजणारे पुष्कळ भेटतात, आणि शिकविण्यात प्रामुख्याने काय होते ते पाहता त्यांचा गैरसमज अगदीच अकारण म्हणता येत नाही. संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीची बटणे कोठे आहेत हे पाठ करणे, अशी समजूत त्यातून एका पिढीत रुजली. वास्तविक पाहता मुंबईच्या आयआयटीत केंद्र शासनाच्या पैशाने चाललेल्या उपक्रमांनी मुक्त साधने शिकविणारे ध्वनिपाठ तयार केले आहेत, त्यांतील कित्येक मराठीतही आहेत. ते तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पुरेसे गेले नाहीत, याला कोणतीही परदेशी कंपनी जबाबदार नाही.

कंपन्यांचा पैसा नाकारण्याची गरज नाही. लोहित आणि लिनक्स यांची वाट पाहता तो घ्यावाच. घेताना कागद मात्र वाचावा. परवाना मागे घेता येण्याजोगा आहे काय, हातभार लावणाऱ्याकडून मुखत्यारपत्र लिहून घेतले जाते काय, नाव कुणाच्या मालकीचे आहे, आणि कंपनी निघून गेली तर सांभाळ करणारी माणसे उरतात काय, हे पाहावे. महाराष्ट्र शासन दरवर्षी संगणकप्रणालींवर मोठा खर्च करते. सार्वजनिक पैशातून लिहिलेली संहिता सार्वजनिक राहील, एवढी एक अट निविदांमध्ये घातली तरी तलाठ्यासाठी केलेली आज्ञावली ग्रामसेवकासाठी नव्याने विकत घेण्याचे टळेल.

हे सारे दूरचे वाटू नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. वाढीव मुदत थोडी आणि तात्पुरती आहे; पुढची ‘विंडोज ११’ जुन्या यंत्रांवर चालत नाही. ग्रामीण शाळांना देणगीतून किंवा योजनेतून मिळालेले संगणक बहुधा जुनेच असतात. यंत्र धड आहे, पडदा दिसतो आहे, कळफलक चालतो आहे. परंतु कंपनीच्या वेळापत्रकात त्याचे आयुष्य संपले आहे. त्याच यंत्रावर लिनक्स आणखी काही वर्षे सुखाने चालेल. लिबरऑफिसमध्ये प्रश्नपत्रिका तयार होईल, पाकळीयुक्त ‘ल’ उमटेल. त्यासाठी प्रत्येक केंद्रातील दोन शिक्षकांना चार दिवसांचे प्रशिक्षण, जवळच्या अभियांत्रिकी किंवा विज्ञान महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची मदत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचे एक पत्र एवढे लागेल. परभणी जिल्हा परिषदेने, आणि इतरही जिल्हा परिषदांनी, हे संगणक भंगारात काढण्यापूर्वी हा प्रयोग निदान एका तालुक्यात करून पाहावा आणि त्याचा अनुभव, चुकांसह, सर्वांसाठी प्रसिद्ध करावा.